सार्वजनिक ठिकाणी इजा झाल्यास भरपाई कोठे मागावी : महाराष्ट्रातील मार्गांची तुलना

रस्त्यावर, फलाटावर, उद्यानात किंवा मॉलमध्ये इजा झालेल्या माणसाच्या घरी पहिली चर्चा होते ती रकमेची. ती स्वाभाविक आहे, परंतु निर्णय घेताना तो पहिला प्रश्न असू नये. अशा सर्व इजांना लागू पडेल असा एकच कायदा आपल्याकडे नाही. इजा कोठे झाली, ती जागा किंवा ते वाहन कोणाच्या ताब्यात होते आणि तेथील सेवेसाठी आपण पैसे मोजले होते का, या तीन गोष्टींवरून दाद मागण्याचे ठिकाण ठरते, आणि ते ठरले की मुदत, पुराव्याचा भार आणि रकमेची मर्यादा त्याच्यामागोमाग ठरतात. या तिन्हींत मुदतीला मी सर्वाधिक महत्त्व देतो, कारण पुराव्यातील उणीव काही प्रमाणात भरून काढता येते आणि रक्कम अपिलात वाढवून मागता येते, पण मुदत उलटून गेली की खऱ्या दाव्याचीही सुनावणी होणे कठीण होते.

वाहनाची धडक बसून इजा झाली असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण हा मुख्य मार्ग आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये २०१९ साली झालेल्या आणि भरपाईच्या बाबतीत १ एप्रिल २०२२ पासून अमलात आलेल्या बदलांनंतर येथे दोन वाटा आहेत, आणि त्यांतील फरक नीट समजून घेतल्याशिवाय कशावरही सही करू नये. कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर इजेसाठी अडीच लाख आणि मृत्यूसाठी पाच लाख रुपये मिळतात. कलम १६६ खाली चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, मात्र रकमेला वरची मर्यादा नाही. उपचारांचा खर्च, बुडालेले उत्पन्न, पुढील शस्त्रक्रिया, वेदना, कायमच्या अपंगत्वामुळे घटलेली कमाईची क्षमता असे सर्व घटक त्यात मोजले जातात. अपंगत्वाची वैद्यकीय टक्केवारी आणि कमाईतील घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात स्पष्ट केले आहे. बोटे गमावलेल्या शिंप्याचे नुकसान त्याच टक्केवारीच्या कारकुनापेक्षा कितीतरी मोठे असू शकते. विमा कंपनीकडून कलम १६४ ची रक्कम विहित पद्धतीने स्वीकारली की कलम १६६ चा अर्ज संपुष्टात येतो. म्हणून हाड मोडले पण पूर्ण भरून आले, अशा इजेत पहिली वाट सोयीची ठरू शकते. जेथे कायमचे अपंगत्व येण्याची शक्यता आहे तेथे ती घाईने स्वीकारणे म्हणजे पुढच्या सगळ्या हक्कावर पाणी सोडणे होय.

या न्यायाधिकरणात जाण्यासाठी आता अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, तरीही त्यावर विसंबून कोणी थांबू नये. दावा अपघाताच्या ठिकाणी किंवा स्वतःच्या राहत्या ठिकाणीही दाखल करता येतो, ही मोठी सोय आहे. धडक देणारे वाहन सापडलेच नाही तर शासकीय योजनेतून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर इजेसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. रक्कम तुटपुंजी आहे, पण तो हक्क आहे आणि अनेक कुटुंबांना त्याची माहितीच नसते.

दुसरे वाहन नाही, केवळ खड्ड्यामुळे दुचाकी घसरली किंवा पादचारी उघड्या मॅनहोलमध्ये पडला, तर चित्र बदलते. अशा वेळी मोटार अपघात न्यायाधिकरणाचा फारसा उपयोग होत नाही, कारण दोष वाहनाचा नसून रस्त्याच्या देखभालीचा असतो. बरीच वर्षे याला दिवाणी दाव्याखेरीज हाताशी येणारा उपाय नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये, २०१३ पासून प्रलंबित असलेल्या स्वयंप्रेरित जनहित याचिकेत, खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे होणाऱ्या मृत्यूसाठी सहा लाख आणि इजेसाठी तिच्या गांभीर्यानुसार पन्नास हजार ते अडीच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. महानगरपालिकेच्या हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीकडे हा अर्ज जातो, आणि दावा मिळाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत रक्कम द्यायची आहे. ही रक्कम इतर कायदेशीर उपायांच्या व्यतिरिक्त असल्याने, मोठी इजा झालेल्या व्यक्तीने समितीकडे जाऊन शिवाय दिवाणी दाव्याचीही तयारी ठेवावी, असे माझे मत आहे. दुचाकी स्वतःच्या मालकीची असेल तर विम्याच्या कागदात पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण आहे का हेही पाहावे. मृत्यू आणि ठरावीक स्वरूपाच्या कायमच्या अपंगत्वासाठी ते लागू होते.

रेल्वेच्या बाबतीत निवड करण्यासारखे फारसे काही नाही, कारण रेल्वे दावा न्यायाधिकरण हाच मार्ग आहे आणि मुदत एक वर्षाची आहे. गाडीतून पडणे किंवा हिंसक हल्ला अशा घटनांत रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. मृत्यूसाठी १ जानेवारी २०१७ पासून आठ लाख रुपये आणि इजांसाठी नियमांतील अनुसूचीप्रमाणे रक्कम ठरलेली आहे. आत्महत्या, स्वतः जाणूनबुजून करून घेतलेली इजा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नशा आणि नैसर्गिक आजार हे मात्र अपवाद आहेत. गर्दीच्या लोकलच्या दारात उभे राहणे म्हणजे स्वतः करून घेतलेली इजा, असा युक्तिवाद रेल्वेकडून वारंवार होतो. रीना देवी खटल्यात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निष्काळजीपणा आणि स्वतः करून घेतलेली इजा एक नव्हेत, आणि तिकीट अंगावर सापडले नाही एवढ्यावरून प्रवासी नव्हता असे ठरत नाही. रूळ ओलांडताना झालेली इजा मात्र या संरक्षणात सहसा येत नाही.

पालिकेच्या इमारती, झाडे, पदपथ आणि विजेच्या तारा यांमुळे होणाऱ्या इजांत खरी अडचण सुरू होते. येथे दिवाणी दावा, रिट याचिका (सार्वजनिक यंत्रणेविरुद्ध थेट उच्च न्यायालयात करायचा अर्ज) आणि स्थायी लोकअदालत असे तीन पर्याय समोर असतात. दिवाणी दाव्यात नुकसानीचा पूर्ण हिशेब मांडता येतो, परंतु न्यायालय शुल्क मागणीच्या प्रमाणात भरावे लागते, वर्षे जातात आणि निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार आपल्यावर असतो. तो भार किती जड आहे हे दोन निकाल शेजारी ठेवले की कळते. चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा कोसळला तेव्हा तो सुमारे ऐंशी वर्षांचा होता आणि त्यातील चुन्याचे आयुष्य कधीच संपले होते. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महानगरपालिकेला जबाबदार धरले, कारण बांधकाम तिच्या ताब्यात होते आणि नीट सांभाळलेला मनोरा आपोआप कोसळत नाही. याउलट राजकोटमध्ये रस्त्याकडेचे झाड अंगावर पडून मृत्यू पावलेल्या माणसाच्या कुटुंबाला १९९७ मध्ये त्याच न्यायालयाने भरपाई नाकारली, कारण झाड धोकादायक झाल्याची पूर्वकल्पना पालिकेला असल्याचे दिसले नाही. म्हणूनच झाड वाकल्याची, फरशी निखळल्याची किंवा कठडा तुटल्याची तक्रार घटनेपूर्वी कोणी लेखी केली होती का, हे माहितीच्या अधिकारात शोधून काढणे अशा दाव्याचा कणा ठरते. विजेच्या तारेच्या धक्क्याबाबत पीडिताची बाजू अधिक भक्कम आहे. शैलकुमारी खटल्यात २००२ मध्ये वीज मंडळाची कडक जबाबदारी मान्य झाली असून तेथे निष्काळजीपणा दाखवण्याचीही गरज नाही.

पालिकेविरुद्ध दावा करताना मुदतीचा सापळा आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ प्रमाणे, आणि मुंबईसाठी १८८८ च्या अधिनियमाच्या कलम ५२७ प्रमाणे, आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. शासनाविरुद्ध असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस लागते. खासगी मालकाविरुद्ध मुदत कायदा याहून अधिक अवधी देतो, पण ती सवलत सर्वांनाच आहे असे समजून अनेकजण पालिकेविरुद्धचा हक्क गमावतात.

रिट याचिका तेव्हाच उपयोगी, जेव्हा घटना वादातीत असते आणि सार्वजनिक यंत्रणेची कसूर उघड दिसते. ती तुलनेने लवकर निकाली निघू शकते, परंतु रक्कम बहुधा ठोक असते. दिल्लीतील उपहार चित्रपटगृहाच्या १९९७ च्या आगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मृतांसाठी दिलेली भरपाई कमी करून वयानुसार दहा लाख आणि साडेसात लाखांवर आणली आणि जखमींची प्रत्येकी एक लाख कायम ठेवली. अधिक नुकसान झाले असे म्हणणाऱ्याला दिवाणी न्यायालयाची वाट मोकळी ठेवली. स्थायी लोकअदालतीविषयी फार कमी लोक विचार करतात. वाहतूक, वीज, पाणी, स्वच्छता, रुग्णालय आणि विमा या सेवांबाबतच्या एक कोटीपर्यंतच्या वादात, न्यायालयात जाण्यापूर्वी, शुल्क न भरता तेथे जाता येते. तडजोड झाली नाही तर ती स्वतः निर्णयही देऊ शकते. मात्र त्या निर्णयावर अपील नाही, ही बाब आधी मनाशी पक्की करावी.

पैसे देऊन प्रवेश घेतलेल्या जलक्रीडा उद्यानात, जत्रेतील पाळण्यात किंवा हॉटेलात इजा झाली तर ग्राहक आयोग दिवाणी न्यायालयापेक्षा सामान्य माणसाला अधिक सोयीचा वाटतो. मुदत दोन वर्षांची आहे, तक्रार स्वतःच्या जिल्ह्यात करता येते, आणि शुल्क भरपाईच्या मागणीवर नव्हे तर सेवेसाठी दिलेल्या किमतीवर ठरत असल्याने प्रवेश तिकिटाच्या तक्रारीला शुल्कच लागत नाही. मात्र वैद्यकीय तज्ज्ञांची दीर्घ उलटतपासणी लागणारे प्रकरण आयोग दिवाणी न्यायालयाकडे पाठवू शकतो, आणि केवळ कर भरतो म्हणून पालिकेचा ग्राहक ठरत नाही.

मार्ग कोणताही निवडा, काही कागद सारखेच लागतात: पोलिसांकडील नोंद व घटनास्थळाचा पंचनामा, रुग्णालयातील एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायच्या इजेची) नोंद, पहिल्या दिवसापासूनची बिले, जागेची तारखेसह छायाचित्रे आणि साक्षीदारांचे पत्ते. सीसीटीव्हीचे चित्रण थोड्याच दिवसांत पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवण्याची लेखी मागणी पहिल्याच आठवड्यात द्यावी. मालक किंवा कंत्राटदार उपचाराचा खर्च देऊ करत असेल तर तो घेण्यास हरकत नाही, पण ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द असलेल्या पावतीवर उपचार संपण्यापूर्वी सही करू नये. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. महिला, मुले, अपंग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत वकील मिळतो, आणि बहुतेक जिल्हा न्यायालयांच्या आवारातच हे कार्यालय असते.