आंब्याच्या कॅनिंगमध्ये आयएसओ २२०००: दोन सल्लागार सेवांचा अनुभव

देवगड तालुक्यात आमचा हापूसचा रस डबाबंद करण्याचा छोटा कारखाना आहे. हंगाम एप्रिलच्या मध्याला सुरू होतो आणि पाऊस लागला की संपतो. तेवढ्या सहा-सात आठवड्यांत चाळीसेक माणसे दोन पाळ्यांत काम करतात आणि त्यांत बहुतेक आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका असतात. मुंबईच्या एका घाऊक खरेदीदाराने अन्नसुरक्षा व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र मागितले, तेव्हा आयएसओ २२००० या मानकाशी आमचा पहिला संबंध आला. त्यासाठी आम्ही एकापाठोपाठ दोन सल्लागारांची सेवा घेतली. पहिल्याबद्दल तक्रार आहे म्हणून नाव देत नाही, आणि दुसऱ्या बाईंनी स्वतःच नाव न घालण्याची विनंती केली आहे. ज्यांना अशी सेवा घ्यायची आहे त्यांना काय तपासावे हे कळावे, एवढ्यासाठी हा तपशील लिहीत आहे.

पहिल्या सल्लागाराने साठ हजार रुपयांत आणि आठ दिवसांत प्रमाणपत्र देण्याचे कबूल केले होते. सल्ला देणारे तेच आणि प्रमाणपत्र देणारी संस्थाही त्यांचीच, ही सोय आम्हाला तेव्हा चांगली वाटली. वास्तविक ती मुळातच अमान्य आहे. जिनिव्हाची आयएसओ ही संस्था मानके लिहिते, स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. ते काम स्वतंत्र प्रमाणन संस्था करतात आणि त्यांनी कसे वागावे हे आयएसओ/आयईसी १७०२१-१ या मानकात सांगितले आहे. त्यानुसार प्रमाणन संस्थेला व्यवस्थापन पद्धतीबाबत सल्लागारी करता येत नाही. भारतात या संस्थांना मान्यता देण्याचे काम भारतीय गुणवत्ता परिषदेअंतर्गत एनएबीसीबी हे मंडळ करते. आम्हाला मिळालेल्या कागदावर एनएबीसीबीची किंवा दुसऱ्या कोणत्याही मान्यता मंडळाची खूण नव्हती. खरेदीदाराच्या माणसाने आयएएफ सर्टसर्च या मान्यताप्राप्त प्रमाणपत्रांच्या जागतिक सूचीत आमचे नाव शोधले, ते सापडले नाही, आणि त्याने तो कागद परत पाठवला.

कागदापेक्षाही मला जास्त लागले ते त्यासोबत आलेल्या फाईलचे. सुमारे दोनशे पानांची, सुरेख बांधणीची, संपूर्ण इंग्रजी फाईल होती. तिच्यात रस भरलेल्या डब्यांवर १२१ अंश सेल्सिअसला दाबाखाली प्रक्रिया करावी असे लिहिले होते. डबाबंद मासळीसारख्या कमी आम्लाच्या पदार्थांना ते तापमान लागते, कारण तिथे बोट्युलिझमच्या जंतूचा धोका असतो. आंब्याच्या रसाचा पीएच ४.६ च्या खाली असतो आणि त्या आम्लतेत तो जंतू वाढत नाही. म्हणून रस गरम भरून डबे उकळत्या पाण्यात ठेवले की काम होते. १२१ अंशाला हापूसचा रंग करपेल आणि वासही उडून जाईल. पुढे एका पानावर ‘तारली’ हा मासा सापडला आणि ही फाईल कोणत्या कारखान्यातून उचलली होती याचा उलगडा झाला. आमच्या डब्यासाठी त्यांनी जे लेबल तयार करून दिले होते त्यावर आयएसओचे बोधचिन्ह मोठे छापले होते. ते चिन्ह असे वापरण्याची परवानगी नसते, आणि प्रमाणन संस्थेची खूणसुद्धा मालाच्या वेष्टनावर लावता येत नाही, कारण प्रमाणपत्र पद्धतीचे असते, डब्यातल्या रसाचे नसते. सुदैवाने लेबले छापायला गेली नव्हती.

तयार नमुना वापरणे हाच गुन्हा आहे असे मी म्हणत नाही. आयएसओ २२०००च्या २०१८ च्या आवृत्तीत लहान उद्योगांना बाहेर तयार झालेले घटक वापरण्याची मुभा स्पष्टपणे दिली आहे. मात्र कलम ७.१.५ सांगते की ते घटक आपल्या अन्नसुरक्षा गटाने आपल्या प्रक्रियेला आणि उत्पादनाला मुद्दाम जुळवून घेतले पाहिजेत. हे जुळवून घेणे हेच सगळे काम आहे आणि त्याचेच पैसे सल्लागाराला द्यायचे असतात. आम्ही साठ हजार रुपये दिले आणि नेमके तेच मिळाले नाही.

२०२३ च्या दसऱ्यानंतर दुसऱ्या सल्लागार बाई आल्या. त्या कोल्हापूरहून गगनबावड्याच्या घाटाने येत असत. शुल्क एक लाख चाळीस हजार, तीन हप्त्यांत. प्रमाणन संस्थेचे शुल्क वेगळे. पहिल्याच भेटीत त्यांनी हंगाम कधी सुरू होतो हे विचारले आणि वेळापत्रक उलट्या बाजूने आखले: प्रमाणनाच्या दुसऱ्या टप्प्याचे ऑडिट मे महिन्यात, पल्पर, म्हणजे रस काढणारे यंत्र, चालू असताना, त्याआधी कागदपत्रे आणि तयारी तपासण्याचा पहिला टप्पा मार्चमध्ये, अंतर्गत ऑडिट आणि व्यवस्थापन आढावा फेब्रुवारीत, आणि दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत पद्धत लिहिण्याचे काम. बंद कारखान्यात अन्नसुरक्षेचे ऑडिट करण्याला अर्थ नाही, हे आम्हाला आधी कोणी सांगितले नव्हते.

त्यांच्या कामातला जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो तो असा. प्रक्रियेची आकृती, म्हणजे आंबा दारात आल्यापासून डबा गोदामात जाईपर्यंतच्या पायऱ्या, त्यांनी मालक आणि सुपरवायझर यांच्याकडून ऐकून कागदावर काढली आणि मग ती घेऊन शेडमध्ये गेल्या. आकृती प्रत्यक्ष जागेवर ताडून पाहणे मानकाच्या कलम ८.५.१.५.२ नुसार बंधनकारकच आहे, पण पुष्कळ ठिकाणी त्यावर केवळ सही होते. हंगाम नसल्यामुळे त्यांनी आमच्याकडच्या जुन्या सहा बायकांना बोलावून रिकाम्या टेबलांपाशी उभे केले आणि एकेक पायरी मराठीत वाचून दाखवली. धुण्याच्या पायरीवर सर्वांत ज्येष्ठ काकींनी त्यांना थांबवले. “आमी आंबे दोन वेळा धुतंव, म्याडम. हयसर एकदाच लिवलेला आसा.” पहिले धुणे माती आणि चीक काढण्यासाठी, दुसरे क्लोरीनच्या पाण्यात, हे मलाही ठाऊक होते, मी सांगताना ते एकच म्हणून सांगितले होते. पुढे असेही निघाले की आढीतून काढलेल्या आंब्यांपैकी अर्धे कच्चे निघालेले फळ पुन्हा पेंढ्यात जाते, आणि हा परतीचा रस्ता आकृतीत नव्हताच. त्या दिवशी आकृतीत पाच दुरुस्त्या झाल्या आणि खाली सहाही बायकांच्या सह्या घेतल्या.

याच चर्चेत साक्याचा, म्हणजे फळाच्या आत होणाऱ्या पांढऱ्या, स्पंजासारख्या गराचा, प्रश्न निघाला. साका पडलेले फळ कापल्यावर बाजूला काढतात, मग त्याची नोंद धोक्यांच्या विश्लेषणात करायची का? बाईंनी समजावून सांगितले की साका हा दर्जाचा दोष आहे, त्याने खाणाऱ्याला अपाय होत नाही. म्हणून तो निवडीच्या सूचनेत लिहायचा. धोके वेगळे होते: बाहेरून घेतलेल्या कॅनिंगच्या आंब्यावर फवारणीचा अंश, कोणी कार्बाइडने पिकवलेला माल गळ्यात मारणे, पल्परच्या चाळणीची तुटलेली तार, डब्याच्या सीमची, म्हणजे झाकणाच्या सांध्याची, गळती, आणि अपुरे तापवणे. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला देशात बंदी आहे, इथिलीन वायू मात्र १०० पीपीएमपर्यंत चालतो. तेव्हा माल देणाऱ्या बागायतदारांकडून आणि दलालांकडून पिकवण्याची पद्धत आणि फवारणीच्या तारखा लिहून घेण्याचा साधा मराठी तक्ता तयार झाला. सुरुवातीला दोन दलाल नाराज झाले. त्यांतला एक पुढच्या हंगामात तक्ता भरून आला, दुसऱ्याकडून आम्ही माल घेणे थांबवले.

दस्तऐवजांच्या भाषेबद्दल त्यांचे मत ठाम होते. मानक इंग्रजीचा आग्रह कुठेही धरत नाही. दस्तऐवज किती आणि कसे असावेत हे संस्थेचा आकार, कामाची गुंतागुंत आणि माणसांची क्षमता यांवर ठरते, असेच ते म्हणते. त्यामुळे कामाच्या सूचना आणि नोंदींचे तक्ते मराठीत झाले आणि मुख्य पुस्तिका तेवढी खरेदीदारासाठी इंग्रजीत राहिली. पहिल्या मसुद्यात अडतीस तक्ते होते, ही त्यांची चूक होती असे मला वाटते. हंगामाच्या पहिल्या चार दिवसांतच ते भरणे अशक्य आहे हे दिसले आणि एकत्र करून एकोणीसवर आणावे लागले. एवढी छाटणी जानेवारीतच करता आली असती.

मे २०२४ मधला एक प्रसंग मात्र त्यांची पारख दाखवतो. रस भरण्याचे तापमान हा आमचा निर्णायक नियंत्रण बिंदू, म्हणजे सीसीपी: धोका रोखण्यासाठी जिथे नियंत्रण ठेवावेच लागते ती पायरी. किमान मर्यादा ८५ अंश, दर अर्ध्या तासाने नोंद. सकाळी अकरा वाजता त्यांनी वही उघडली तेव्हा दुपारी एकपर्यंतच्या ओळी आधीच भरलेल्या होत्या आणि प्रत्येक ओळीत ८८ होते. मी त्या पोराला बोलणार एवढ्यात त्यांनी मला हाताने थांबवले आणि त्याला विचारले, “तापमान कुठून वाचतोस, दाखव बघू.” डायल किटलीच्या वरच्या पाइपवर होता आणि तो बघायला दर वेळी लोखंडी स्टुलावर चढावे लागे, तेही ओल्या फरशीवर. दुसऱ्या दिवशी आम्ही तापमापकाचा सेन्सर तिथेच ठेवून आकडा दाखवणारी डबी डोळ्यांच्या उंचीवर खाली आणली, शेजारी भिंतीवरचे घड्याळ लावले आणि वहीला रसाचे हात लागू नयेत म्हणून प्लास्टिकचे आवरण केले. खोट्या ओळी रद्द करून त्यावर काय झाले हे लिहिले आणि त्या पाळीतले डबे वेगळे ठेवून तपासले. त्यानंतरच्या नोंदींत ८६, ८९, ८७, एकदा ८४ सुद्धा आले, आणि त्या ८४ च्या वेळी भरणे थांबवून रस पुन्हा तापवल्याची नोंदही आहे.

विकलेला माल परत मागवण्याचा सराव त्यांनी दोनदा करून घेतला. गोदामातला ८५० ग्रॅमचा कोणताही एक डबा उचलायचा आणि त्यावरच्या क्रमांकावरून तो रस कोणत्या बागेच्या कोणत्या दिवसाच्या आंब्याचा आहे आणि त्याचे भाऊबंद डबे कोणाकोणाकडे गेले, हे शोधायचे. पहिल्यांदा चार तास लागले, कारण आढीत दोन बागांचा माल एकत्र झाल्याची नोंद कुठेच नव्हती. आता प्रत्येक आढीला पाटी असते. दुसऱ्या सरावाला पाऊण तास लागला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आयएसओने व्यवस्थापन मानकांत एक छोटी दुरुस्ती केली: हवामानबदल हा आपल्या संस्थेच्या दृष्टीने संबंधित विषय आहे का, हे कलम ४.१ खाली ठरवायचे. बाईंनी ती महिन्याभरात आमच्या कागदपत्रांत आणली, आणि कोकणात तिच्याकडे केवळ औपचारिकता म्हणून पाहता येत नाही. अवकाळी पावसाने मोहोर जातो, मार्चच्या उन्हात फळ भाजते, आणि मे २०२१ चे तौक्ते वादळ आले ते ऐन कॅनिंगच्या दिवसांत; तेव्हा वीज गेली आणि आमचा रस टाक्यांतच आंबून फुकट गेला. आता आपत्कालीन तयारीच्या कलमाखाली जनरेटरची क्षमता, डिझेलचा साठा आणि वीज जाऊन किती वेळ झाला की रस टाकून द्यायचा, हे लिहिलेले आहे.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. तापमापक आणि वजनकाटे प्रमाणित करून, म्हणजे त्यांची अचूकता तपासून, आणण्याचे काम त्यांनी पूर्णपणे आमच्यावर टाकले. जवळपास सोय नसल्याने ती उपकरणे बाहेर पाठवण्यात ऐन एप्रिलचे दहा दिवस गेले आणि दुसऱ्या टप्प्याच्या ऑडिटमध्ये आम्हाला मिळालेल्या तीन किरकोळ विसंगतींपैकी एक याचीच होती. पावसाळ्यात घाट बंद झाला की त्यांची भेट पुढे जाते आणि फोनवरचे उत्तर दोन-दोन दिवस येत नाही. एक्सेलमधले जे तक्ते त्यांनी दिले ते कार्यालयात उपयोगी पडतात, पण टेबलापाशी कोणीही वापरले नाहीत.

प्रमाणपत्र जून २०२४ मध्ये मिळाले. ते तीन वर्षांसाठी असते आणि दर वर्षी देखरेख ऑडिट होते. पहिले देखरेख ऑडिट मे २०२५ मध्ये झाले. त्या दिवशी ऑडिटरांनी माझ्याशी फार बोलणे केले नाही. ते धुण्याच्या टाकीपाशी गेले, काकींना क्लोरीनची पट्टी कशी बघता ते विचारले आणि त्यांनी पट्टी बुडवून, रंग जुळवून, वहीत आकडा लिहून दाखवला. बाईंशी पुढच्या दोन वर्षांचा करार आम्ही केला आहे, वर्षाला पस्तीस हजारांचा. त्यात उपकरणांचे प्रमाणीकरण जानेवारी संपण्यापूर्वी करून आणण्याची जबाबदारी त्यांची, असे कलम या वेळी घालून घेतले आहे.