उंबरठ्याखालचा वारा आणि ईपीडीएमची पट्टी

दारं-खिडक्यांच्या फटी बुजवायच्या या रबरी पट्टीला पाचपैकी चार गुण. एक का कापला ते पुढे येईलच.

आजोबांनी बांधलेलं डोंगरातलं आमचं घर गेले सहा हिवाळे कुलूपबंद होतं. यंदा आईने जाहीर केलं की बर्फ पडेल तेव्हा ती तिथेच असणार. दादाने लगेच भलामोठा हीटर घ्यायचं ठरवलं. मी म्हटलं, अरे, आधी हंड्याची गळती तरी बघ, मग पाणी ओत. तो हसला, पण आठवडाभराची मुदत दिली. तेवढ्यात मी सगळ्या फटी बुजवायच्या, नाहीतर हीटर.

पहिल्या दिवशी काहीच विकत घेतलं नाही. बाहेर सोसाट्याचा वारा होता. शेगडी विझवून मी पेटलेली उदबत्ती प्रत्येक चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवली. धूर सरळ वर गेला तर ठीक, वाकडा झाला तर खडूने फुली. सतरा फुल्या झाल्या. त्यातली सगळ्यात वाईट ना दाराला होती, ना खिडकीला. पोटमाळ्यावर जायची जी लाकडी झाप आहे तिच्या कडेला उदबत्ती नेली आणि धूर फटीतून सरसर ओढला गेला, जणू वरून कोणी पितंय. गरम हवा वर चढते, वरच्या फटीतून निसटते आणि तिची जागा भरायला खालून थंड हवा घरात ओढली जाते. पायाला गार लागतं म्हणून आई आयुष्यभर उंबरठ्याला शिव्या देत आली. चोर माळ्यावर होता.

आता पट्टी. दुकानात दोन जाती दिसतात. एक स्पंजची, मऊ आणि स्वस्त. मागे कधीतरी आम्ही तीच लावली होती. या खेपेला नख लावलं तर भुगा हातात आला. दुसरी ईपीडीएम नावाच्या रबराची. ऊन, पाऊस आणि थंडी हे रबर स्पंजपेक्षा कितीतरी चांगलं सोसतं, आणि आतून पोकळ असल्याने दाबलं तरी परत फुगतं. मी हीच घेतली. दोन पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या येतात, मधून फाडून वेगळ्या करायच्या. पाठीला गोंद असतोच.

हिचे आकार इंग्रजी अक्षरांवरून ओळखतात. ई आकाराची पट्टी साधारण १ ते ३.५ मिलिमीटर फटीला चालते, पी २ ते ५ ला आणि डी ३ ते ५ ला. फट मोजायची कशी, तर मुलांच्या खेळण्यातल्या चिकणमातीचा छोटा गोळा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचा, चौकटीवर ठेवायचा आणि दार लावायचं. दबलेल्या गोळ्याची जितकी जाडी उरेल तितकी फट. मी हा शहाणपणा खिडक्यांना केला आणि स्वयंपाकघराच्या दाराला मात्र नजरेच्या भरवशावर डी पट्टी लावली. दार लागेना. खांदा लावून ढकललं तर कडी बसेना. शेवटी पट्टी ओरबाडून काढली, तिचा गोंद चौकटीवरच राहिला आणि तो खरवडण्यात अख्खी दुपार गेली. हा दोष माझाच, यासाठी गुण कापलेला नाही.

कापलाय तो गोंदासाठी. सकाळी खोलीत ४ अंश होते, मी उत्साहाने चार खिडक्या उरकल्या आणि संध्याकाळपर्यंत तीन पट्ट्या तोरणासारख्या लोंबत होत्या. थंड, दमट लाकडाला हा गोंद धरत नाही. दुसऱ्या दिवशी चौकट स्पिरिटने पुसली, केस वाळवायच्या यंत्राने कोमट केली, मग पट्टी दाबली, आणि ती अजून जागची हललेली नाही. वेष्टनावर ही सूचना इतक्या बारीक अक्षरात होती की मला ती पट्ट्या लोंबल्यावरच दिसली. आणखी एक सांगून ठेवते: लावताना पट्टी ताणू नका. ताणलेलं रबर चार दिवसांत आखडतं आणि नेमक्या कोपऱ्यात फट पडते.

माळ्याच्या झापेला चारी बाजूंनी पी पट्टी लावली, वर दोन कड्या बसवून ती घट्ट आवळली. त्याच रात्री फरक कळला. आईने पायातले दुसरे मोजे काढून ठेवले आणि मला म्हणाली, "शेगडीत लाकूड जास्त घातलंस का गं?" घातलं नव्हतं.

पुढची गोष्ट मात्र कोणत्याही वेष्टनावर मला दिसली नाही. तिसऱ्या संध्याकाळी शेगडीचं दार उघडलं आणि धूर खोलीत आला. धुराडं नुकतंच साफ करून घेतलेलं, लाकडं कोरडी, मग झालं काय? मी स्वयंपाकघराचा धूर खेचणारा पंखा चालू ठेवला होता. पूर्वी तो फटींतून हवा घेत असे. आता फटी नाहीत, म्हणून तो धुराड्यातूनच हवा ओढायला लागला. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे खोकला आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालता येत नाही. पंखा बंद केला, खिडकी उघडली आणि आईला शाल गुंडाळून बाहेरच्या पडवीत बसवलं. दादाने त्या वायूची सूचना देणारं यंत्र दुसऱ्या दिवशी सकाळीच आणून लावलं. आता शेगडी पेटलेली असताना पंख्याला हात लावायचा नाही, आणि भिंतीतली जुनी जाळी, जी मी मोठ्या हौशीने बुजवली होती, ती पुन्हा मोकळी केली आहे. शेगडीला थेट बाहेरून हवा देणारी नळी कारागिराकडून बसवून घ्यायची आहे. घरात काहीही जळत असेल तर पट्टी लावण्याआधी याचा विचार करा.

दुसरा बदल त्यामानाने किरकोळ. एकेरी तावदानांवर सकाळी पाणी साचायला लागलं, कारण आतली वाफ बाहेर पडायची वाट बंद झाली. रोज दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडते आणि पुसून घेते.

दाराच्या खालच्या कडेसाठी ब्रशची पट्टीही घेतली होती. तिला दोनच गुण. आतल्या दारांना ठीक आहे, पण पुढच्या दाराशी बर्फाळ पाणी तिच्या केसांत शिरलं, रात्री गोठलं आणि सकाळी दार उघडताना फरशीवर कंगवा घासल्यासारखा कर्र आवाज. आईने दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी मी उठायच्या आत तिने पेचकस शोधून ती काढून टाकली होती आणि दाराशी जुन्या पडद्याच्या कापडाची, आत वाळू भरून शिवलेली लांबलचक वळकटी ठेवली होती. उदबत्ती लावून बघितलं. धूर सरळ.

दादाचा हीटर अजून आलेला नाही.