३५ एमएम एफ/१.८: जिनिंग, पथारी आणि केळीबागेतले आठ महिने

लेन्स निकॉनची एएफ-एस डीएक्स ३५ एमएम एफ/१.८जी. २००९ सालची, म्हणजे तशी जुनीच. वजन २०० ग्रॅम, फिल्टर ५२ एमएमचा. बॉडी, म्हणजे कॅमेरा, निकॉनचाच डी५६००. ऑक्टोबर ते मे वापर झाला तो जळगावकडच्या जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करण्याचे कारखाने), नंदुरबारच्या मिरची पथारींवर (मिरची वाळत घालायच्या मोकळ्या जागा) आणि रावेर-यावलच्या केळीबागांत. लग्नं, पक्षी, डोंगर यांचं इथे काही नाही. कामावरची माणसं आणि त्यांचे हात, एवढ्यापुरताच हा अनुभव.

घेण्याआधी एक गोष्ट बघा. डी३५००, डी५६०० अशा बॉडीत फोकसची मोटर नसते. स्वस्तात मिळते म्हणून जुनी ५० एमएम एफ/१.८डी घेतली, तर फोकस हातानेच करावा लागतो. ३५ एमएमच्या या लेन्समध्ये मोटर आतच आहे. शिवाय डीएक्स, म्हणजे या कॅमेऱ्यांतल्या लहान सेन्सरवर ती साधारण ५२ एमएमसारखी दिसते. ५० एमएमची लेन्स त्यावर ७५सारखी, आणखी अरुंद दिसते, आणि जिनिंगच्या दोन यंत्रांमधल्या बोळीत ती लावली तर मागे सरकायला जागाच उरत नाही. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट झूमची १८ एमएम बाजू जवळून वापरली की पुढे आलेला हात डोक्याएवढा दिसतो.

सगळ्यात जास्त कामी आलं ते ३० सेंमीपर्यंतचं जवळचं फोकस. तेवढ्या अंतरावर चौकटीत जेमतेम १५ सेंमी रुंदी मावते, म्हणजे मिरचीचा देठ खुडणारी एक मूठ. तिथे एफ/१.८, म्हणजे पूर्ण उघडं अपर्चर (उजेड आत घेणारं छिद्र), मात्र विसरा. एफचा आकडा वाढला की छिद्र लहान होतं आणि धारदार खोली वाढते. एक मीटरवरूनच एफ/१.८ला जेमतेम ६ सेंमी खोली धारदार येते, एफ/४ला १३ सेंमीच्या आसपास. त्याहून जवळ गेलं की नखावर फोकस आणि बोटं धूसर. हातांसाठी एफ/५.६, चेहरा आणि हात दोन्ही हवे असतील तर एफ/८. एफ/१.८ अंधारासाठी ठेवा. आणखी एक कारण आहे: काळ्या यंत्रासमोर पांढरी रुई उघड्या अपर्चरने टिपली की धाग्यांना पुढे जांभळी, मागे हिरवी कड येते. ही कड सॉफ्टवेअरमधल्या लेन्स प्रोफाइलने (लेन्सचे दोष आपोआप काढणारी सोय) जात नाही. एफ/४ला बरीचशी मावळते.

आता धूळ, कारण अर्धं काम तेच. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होताना उडणारी बारीक रुई काचेला चिकटते, आणि कापडाने पुसली की घर्षणाने आणखी ओढली जाते. आधी रबरी ब्लोअर, मग मऊ ब्रश, कापड शेवटी. लेन्स आत बदलू नका, बाहेर गाडीतसुद्धा नको. घरून एकच लावून निघा. लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते त्या माउंटला रबरी कड आहे, पण म्हणून अख्खा कॅमेरा धूळरोधक होत नाही. सेन्सरवर डाग आहेत का हे बघायला एफ/१६ला कोऱ्या आकाशाचा फोटो काढा. उघड्या अपर्चरला ते दिसत नाहीत आणि मग एफ/८च्या सगळ्या फोटोंत सापडतात. फ्लॅशही तिथे बिनकामाचा: काचेजवळून तरंगणारा प्रत्येक तंतू पांढरा गोळा होऊन चमकतो.

फ्लॅश नाही म्हणजे शेडमधल्या दिव्यांवर भागवायचं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/२५० सेकंदाला ठेवलं तर फोटोत काळसर पट्टे येतात किंवा लागोपाठच्या दोन फोटोंचा रंग वेगळा पडतो. १/१०० किंवा १/५० ठेवा. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६००पर्यंत बिनधास्त, ३२००ला दाणा दिसतो पण चालतो. १/१००ला कापूस लोटणारे हात जरा हलतात, चेहरा स्थिर राहतो. ते हललेलंच बरं वाटतं.

पथारीवरची अडचण वेगळी. कॅमेऱ्याचा साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) सगळं ठीक दाखवतो आणि लाल चॅनेल आधीच फुटलेलं, म्हणजे लाल रंगातला तपशील गेलेला असतो. घरी आल्यावर मिरची म्हणजे पोत नसलेला लाल चिखल. मेन्यूत प्लेबॅकच्या पर्यायांतून आरजीबी हिस्टोग्राम (लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा) चालू करा, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन −०.७ ते −१.० ठेवा, म्हणजे फोटो जरा गडद, आणि १४ बिट रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल. उन्हात सकाळी नऊच्या आत. मिरची हलवली की ठसका लागतोच, तेव्हा वारा पाठीवर येईल असं उभं राहा. मुकादमाला विचारून आत जा, आणि ज्यांचा फोटो काढायचा त्यांनाही विचारा. एकदा ओळख झाली की ‘भाऊ, मना बी काढ’ असं पलीकडूनच येतं.

रॉ फोटोंवर काम करायला डार्कटेबल हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या कामाला पुरून उरतं. त्यातल्या मॉड्यूलांचा क्रम असा: एक्स्पोजर, कलर कॅलिब्रेशन (रंग दुरुस्त करायला), सिग्मॉइड (उजळ-गडद भाग पडद्यावर नीट बसवायला), मग टोन इक्वलायझरने सावल्या. मिरचीसाठी गॅमट चेक लावा, म्हणजे पडद्यावर किंवा प्रिंटमध्ये न मावणारे रंग दिसतात. इशारा आला की फक्त लालची सॅच्युरेशन हळूहळू उतरवा. मिरची तेवढी लाल आणि बाकी सगळं कृष्णधवल, हा प्रकार कृपया बंद करा, दहा वर्षांपूर्वीच त्याचा वीट आला. कृष्णधवलच करायचं तर लाल चॅनेल वाढवल्यास मिरची पांढुरकी पडते, हिरवं वाढवल्यास काळपट. रुईला मात्र कृष्णधवल शोभतं. सेन्सरचा डाग पुसा, कोपऱ्यातलं पोतं पुसू नका.

केळीबागेत उजेड पानांतून गाळून येतो, त्यामुळे घड कापणाऱ्याचा चेहरा हिरवा. पांढऱ्या टोपीवर व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं अशी रंगाची जुळणी) घेतला की चेहरा सुधारतो आणि बागेबाहेरचा रस्ता गुलाबी होतो. म्हणून कलर कॅलिब्रेशन दोनदा: एक पूर्ण चित्राला, दुसरं मास्क लावून, म्हणजे फक्त चेहऱ्यापुरतं, निम्म्या ताकदीने. थोडी हिरवी झाक राहू द्या, तिथे उजेडच तसा असतो. कापलेल्या घडाचा चीक ओला असतानाच ओल्या कापडाने टिपून घ्या. वाळला की तपकिरी होतो आणि निघत नाही. फिल्टर आणि सोबत मिळणारं हूड, दोन्ही कायम लावून ठेवा. फिल्टर एकदा बदलावा लागला, लेन्सची काच शाबूत आहे.

पुढच्या खेपेला जाताना प्रिंट घेऊन जा. डी५६००चा फोटो ३:२चा, तो ४ बाय ६ इंचात जसाच्या तसा बसतो. मोबाइलचा बहुधा ४:३ असतो, त्यात वरखालची पट्टी जाते आणि नेमकी डोक्यावरची टोपली कापली जाते.