नळीतून आहार की शिरेतून पोषण?

आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, "खायला कधी देणार?" तोंडाने पुरेसं जात नसेल तर दोन वाटा उरतात: नाकातून किंवा पोटातून घातलेल्या नळीने पातळ आहार, नाहीतर थेट शिरेतून पोषण.

आतडं चालत असेल तर माझं मत ठामपणे नळीच्या बाजूने. अन्न पोहोचलंच नाही तर आतड्याचं अस्तर पातळ होत जातं. पूर्वी टाके सुटतील या भीतीने रुग्णाला कित्येक दिवस उपाशी ठेवत; आता बहुतेकांना २४ तासांच्या आत तोंडाने किंवा नळीने सुरुवात करतात. नळीचा सुरुवातीचा वेग तासाला १०-२० मिली, म्हणजे दोन-चार छोटे चमचे. तो पाहून घरच्यांचा जीव कासावीस होतो, पण घाई केली तर पोट फुगतं, जुलाब होतात.

शिरेतून देतात त्या पिशवीत ग्लुकोज, अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) आणि स्निग्ध पदार्थ असतात, म्हणून ती दुधासारखी पांढरी दिसते. महाग आहे म्हणून जास्त ताकदीची, असं मुळीच नाही. शिरेत घातलेल्या बारीक नळीतून, म्हणजे कॅथेटरमधून, जंतुसंसर्ग होऊ शकतो, रक्तातली साखर चढते. पण आतडं ठप्प असेल किंवा फारच थोडं उरलं असेल, तर हीच पिशवी जीव वाचवते.

प्रथिनांचं गणित दोन्हीकडे सारखंच: वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम. आधीच खंगलेल्या रुग्णाला मात्र एकदम पूर्ण आहार दिला तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम धोकादायक खाली येतं. रोजच्या सुईने रुग्ण वैतागतो, तरी त्या दिवसांत रक्ततपासणी टाळू नका.