चेनसॉला हाताने धार लावण्याचा कानस-संच: वर्षभराच्या वापरानंतर

हा संच घेतला तेव्हा माझी विजेवरची चेनसॉ लाकूड कापत नव्हती, नुसती घासत होती. धारदार साखळी लाकडाचा जाडसर, चपटा किस फेकते. माझी साखळी मात्र पिठासारखा बारीक भुसा सांडत होती, आणि ओंडक्यात शिरायला तिला वरून दाबावे लागत होते. असे दाबून कापणे हा धोक्याचा प्रकार आहे, कारण अंगाचा भार यंत्रावर पडलेला असताना लाकूड अचानक सुटले की तोल जातो. शिवाय मोटर तापते आणि बारच्या, म्हणजे साखळी जिच्यावरून फिरते त्या लांब पट्टीच्या, कडेला लाकूड करपल्याचा वास येऊ लागतो. साखळी बदलावी की तिला धार लावावी या विचारात मी हाताने धार लावण्याचा हा साधा संच घेतला. वर्षभरात तो पंधरा-वीस वेळा तरी वापरून झाला असल्यामुळे त्याचे गुणदोष आता नेमके सांगता येतील.

डबीत ४ मिलिमीटर व्यासाच्या दोन गोल कानशी, एक लाकडी मूठ, कानस अडकवण्याची पत्र्याची चौकट, एक चपटी कानस, रेकरची (दातापुढच्या उंचवट्याची) उंची मोजण्याची खाचेची पट्टी आणि बारची खाच कोरून काढण्याचा एक आकडा एवढ्या वस्तू येतात. चौकटीवर ३० अंशाच्या दोन तिरप्या रेषा कोरलेल्या आहेत. ती दातावर आडवी ठेवून रेषा साखळीला समांतर धरली की कानशीचा कोन आपोआप साधतो. चौकटीचे दुसरे काम तितकेच महत्त्वाचे आहे: ती दाताच्या माथ्यावर टेकत असल्यामुळे कानस फार खाली उतरत नाही आणि तिच्या व्यासाचा सुमारे पाचवा भाग दाताच्या वर राहतो, जो तसाच राहायला हवा.

घेण्यापूर्वी एक गोष्ट मात्र स्वतः तपासावी. ४ मिलिमीटरची कानस घरगुती विजेच्या चेनसॉवर सर्रास आढळणाऱ्या ३/८ इंची लो-प्रोफाइल साखळीसाठी आहे; .३२५ इंची साखळीला ४.८ मिलिमीटरची लागते आणि मोठ्या यंत्रांवरच्या पूर्ण आकाराच्या ३/८ साखळीला त्याहूनही जाड. साखळीवरचा शिक्का पुसला असेल तर लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधले अंतर मोजून निम्मे करावे, पिच म्हणजे साखळीचे हे इंची माप मिळते. हे मी अनुभवाने शिकलो. हा संच घेण्याआधी मी हाताशी असलेल्या ४.८ च्या कानशीने एकदा सगळी साखळी घासून काढली होती. दात चकचकीत दिसत होते, पण त्यांचा आतला बाक उथळ झाल्यामुळे धारेला आकडीच राहिली नाही, आणि यंत्र पूर्वीपेक्षाही आळशी झाले. उलट फार बारीक कानस वापरली तर ती दाताच्या पोटात खोल शिरते, धार पातळ होते आणि दोन ओंडक्यांतच झडते.

या संचाच्या पत्रकात सुरक्षिततेवर फक्त ‘हातमोजे घालावेत’ एवढीच ओळ आहे. विजेच्या चेनसॉच्या बाबतीत ती फार तोकडी वाटते. पेट्रोलची चेनसॉ चालू असली की कानाला कळते. विजेची गप्प पडलेली असते, आणि गप्प यंत्र बंदच आहे असे मन धरून चालते. म्हणून मी नुसती कळ बंद करून थांबत नाही. पिन काढतो आणि ती कानशीशेजारी, डोळ्यांसमोर टेबलावर ठेवतो, म्हणजे काम करताना कोणी ‘मदत’ म्हणून ती परत जोडण्याचा प्रश्नच येत नाही. बॅटरीचे यंत्र असेल तर बॅटरी बाहेर काढून दुसऱ्या खोलीत ठेवावी. यानंतर बार लाकडाच्या दोन चिपांमध्ये धरून व्हाइसमध्ये (शिकंज्यात) आवळावा. कानस चालवताना साखळी जागीच रोखणारा चेन ब्रेक लावावा, साखळी पुढे सरकवताना तो सोडावा, आणि सरकवण्यासाठी बोट न वापरता स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाताला मागच्या बाजूने ढकलावे. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण लोखंडाचा कीस फुंकर मारून उडवण्याचा मोह कोणालाच आवरत नाही. मी एकदा मोज्याशिवाय काम केले. कानस निसटली आणि बोटांची मागची बाजू नुकत्याच धार लावलेल्या दातावर घासली. धार उत्तम लागली होती, याची खात्री मात्र तिथल्या तिथे पटली.

प्रत्यक्ष घासणे सोपे आहे, फक्त घाई चालत नाही. धार लावण्यापुरती साखळी नेहमीपेक्षा किंचित ताठ करावी, नाहीतर दात कानशीखाली डुलतो. आधी सगळ्यांत झिजलेला दात शोधून खूण करावी. कानस आतल्या बाजूने बाहेर, फक्त पुढे जाताना दाबावी आणि मागे आणताना उचलावी. दाताच्या बाहेरच्या अंगाला कडक क्रोमचा पातळ मुलामा असतो. आतून बाहेर घासल्याने त्या मुलाम्याची कड तुटत नाही. धार गेली आहे की नाही हे ओळखायला खिडकीकडे तोंड करून दाताची कड पाहावी: बोथट कडेवर उजेडाची पांढरी रेघ चमकते, धारदार कडेवर काहीच चमकत नाही. नेहमीच्या झिजेला दोन-तीन फेऱ्यांत ती रेघ नाहीशी होते. आवाजही बदलतो, सुरुवातीची खरखर जाऊन कानस सलग, एकसुरी सरसरते. दगड किंवा खिळा लागून कड फुटली असेल, तर मुलाम्याची फुटलेली जागा संपेपर्यंत घासणे भागच आहे. ती उरली तर धार तिथेच पुन्हा बसते.

आजच्या साखळीच्या या बाकदार दाताची कल्पना जोसेफ कॉक्स या अमेरिकी लाकूडतोड्याला १९४६ मध्ये सुचली. लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची अळी डावी-उजवीकडे जबडे चालवत पुढे सरकते, हे त्याने एका बुंध्यात पाहिले होते. साखळीवर एक दात डाव्या तोंडाचा आणि पुढचा उजव्या तोंडाचा असतो, तो त्यामुळेच. घासतानाही एका बाजूचे सगळे दात आधी उरकून मग यंत्र फिरवून दुसरी बाजू घ्यायची असते. माझ्या साखळीत ५६ ड्राइव्ह लिंक (बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्या) आहेत आणि दर दोन कड्यांमागे एक दात, म्हणजे २८ दात, प्रत्येक बाजूला चौदा. पहिल्या काही महिन्यांत माझ्या उजव्या हाताचा जोर एका बाजूला जास्त पडला, त्या बाजूचे दात आखूड झाले, आणि ओंडक्यातला काप केळ्यासारखा वाकू लागला. बार वाकला असावा असे समजून मी त्याला सरळ पट्टी लावून पाहिली. दोष माझ्या हाताचा निघाला. आता कॅलिपरने सगळ्यांत आखूड दात मोजतो आणि बाकीचे त्याच मापाला आणतो. चौकट कोन सांभाळते. दातांची लांबी मोजण्याची सोय मात्र संचात नाही, आणि ही उणीव खरी आहे.

संचातली सर्वांत मोलाची वस्तू कोणती, असे मला कोणी विचारले तर मी कानशीचे नाव घेणार नाही. ती खाचेची छोटी पट्टी दाखवीन. प्रत्येक दातापुढे एक उंचवटा असतो, त्याला रेकर म्हणतात. दाताने एका वेळी किती जाड थर उचलावा हे तो ठरवतो. लो-प्रोफाइल साखळीत तो दाताच्या माथ्यापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावा लागतो. दात मागे मागे घासला जातो तसा त्याचा माथा उतारामुळे खाली येतो, रेकर मात्र तिथेच राहतो, आणि मग धार कितीही लावली तरी दात लाकडापर्यंत पोहोचतच नाही. ‘धार लावली तरी कापत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथे असते. पट्टी साखळीवर ठेवायची, खाचेतून रेकर वर डोकावला तर तेवढाच चपट्या कानशीने उतरवायचा, आणि पुढची कड पुन्हा गोलसर करायची. दर तीन-चार धारांनंतर हे तपासणे पुरेसे होते.

इथेच मी सर्वांत मोठी चूक केली. यंत्र जोमाने चालावे म्हणून पट्टी बाजूला ठेवून अंदाजाने रेकर थोडे अधिक उतरवले. दुसऱ्या दिवशी यंत्र ओंडक्याला चावे घेऊ लागले, मोटर मध्येच अडखळली, आणि बारचे वरचे टोक एका फांदीला निसटते लागताच ते माझ्या दिशेने उसळले. हातापुढचा गार्ड मनगटाला लागून ब्रेक पडला म्हणून पुढचे टळले. बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग लाकडाला लागला की यंत्र उसळी मारतेच, आणि खोल उतरवलेले रेकर ती उसळी वाढवतात. ती साखळी मी टाकून दिली. उतरवलेला रेकर परत वाढवता येत नाही.

दोष सांगायचे तर लाकडी मूठ दुसऱ्याच महिन्यात सैल झाली आणि मला ती चिकटवावी लागली. चौकटीचे दोन स्क्रू फार मऊ आहेत. कानस बदलताना त्यांचे डोके खराब होते. सोबतच्या गोल कानशींपैकी एक चांगली टिकली, दुसरी सातआठ धारांनंतर घसरू लागली. कानस घसरायला लागली की अधिक जोर न लावता ती बदलावी. तिला तेलही कधी लावू नये; दातांत अडकलेला कीस तारेच्या ब्रशने झाडला की झाले. चपटी कानस मात्र सुरुवातीपासून बोथट होती, ती मी वेगळी घेतली.

तुलनेसाठी विजेवर चालणारे, फिरत्या दगडाचे धार लावण्याचे टेबलयंत्रही मी एका परिचितांकडे वापरून पाहिले. काम चटकन होते आणि सगळे दात एका मापाचे निघतात, हे कबूल करायला हवे. खूप खराब झालेल्या साखळीला ते सोयीचे आहे. पण दगड क्षणभर जास्त टेकला की दाताची कड निळी पडते. निळी पडणे म्हणजे पोलादाचे पाणी उतरणे, आणि मग ती कड धार धरत नाही. शिवाय ते यंत्र एका फेरीत जेवढे पोलाद खाते तेवढ्यात हाताच्या कानशीने तीन-चार वेळा धार लागते. महिन्यातून एक-दोनदा चेनसॉ काढणाऱ्याला हाताचा संच पुरतो, असे माझे मत आहे.

बारची खाच कोरण्याच्या आकड्याचा उपयोग मला अपेक्षेपेक्षा जास्त झाला. साखळी उतरवल्यावर बारच्या खाचेत तेल आणि भुसा यांचा काळा लगदा दिसतो. तो निघाला नाही तर तेलाचे भोक बुजते, आणि कोरडी साखळी धार किती चांगली आहे याची पर्वा न करता झिजते. खाच साफ झाली की मी बार उलटा करून बसवतो, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. मग यंत्र हवेत चालवून बारचे टोक पांढऱ्या कागदासमोर, त्याला न टेकवता, धरतो. कागदावर तेलाच्या बारीक थेंबांची रेघ उमटली पाहिजे. साखळी थंड असताना बारच्या खालच्या बाजूला टेकलेली आणि तरीही मोजा घातलेल्या हाताने सहज ओढता येईल एवढी ताणलेली असावी. धार लावण्यासाठी ती ताठ केलेली असते, म्हणून हे शेवटचे जुळवणे विसरून चालत नाही. मी एकदा विसरलो, आणि दहा मिनिटांत बार हात लावता येणार नाही इतका तापला.

दातावर झिजेची खूण कोरलेली असते. तिथपर्यंत दात घासला गेला की साखळी बाद समजावी. माझ्या सध्याच्या साखळीवर त्या खुणेपर्यंत अजून जेमतेम दोन मिलिमीटर शिल्लक आहेत. हाच संच मी पुन्हा घेईन, पण त्याच्या जोडीला एक कॅलिपर आणि चांगली चपटी कानस पहिल्याच दिवशी घेऊन ठेवीन.