जिनिंगच्या गेटसमोरचं काकूचं हॉटेल : तर्री झकास, चहा गोडच गोड

पाटीवर नुसतं 'चहा-नाश्ता' लिहिलंय, तेही अर्धं पुसलेलं. मारेगाव तालुक्यातले आम्ही कास्तकार त्याला काकूचं हॉटेल म्हणतो. बाभळीखाली चार बाकं, वर हिरवी नेट, मागं चूल. हंगाम नसताना गेलात तर विशेष काही वाटणार नाही. आलुबोंडा काय, कुठंही मिळतो. या हॉटेलची खरी परीक्षा कापूस सुरू झाला की, समोरच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, गेटवर सरकारी खरेदीसाठी गाड्यांची रांग लागते तेव्हा.

मी तिथं पहिल्यांदा नीट बसलो २०२५ च्या नोव्हेंबरात. सरकारी खरेदीच्या ॲपवर नोंदणी, स्लॉट, सातबारा, सगळं करून पहाटे चारला पिकअप रांगेत लावली होती. अठरा क्विंटल माल. साडेदहाला नंबर आला. माल तपासणाऱ्या ग्रेडरनं ओलावा मोजायच्या मीटरची सळई चार ठिकाणी खुपसली. सरासरी १४.६ टक्के. सरकारी खरेदीत आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, त्यावर बारापर्यंत टक्क्यामागं टक्का कपात आणि बाराच्या वर घेतच नाहीत, हे मला तोंडपाठ होतं. तरी 'वापस' ऐकलं आणि कान तापले. ग्रेडर आमच्या लहान्या भावाच्या वयाचा पोरगा, त्यानं मान वर करूनही पाहिलं नाही. मला वाटलं, यानं कापूस नाही, आमचं घर वापस केलं. बाबांची गाडी कधी वापस आली नव्हती. (बाबांच्या वेळी असं मीटर कोणी लावत नव्हतं, हे मला दोन दिवसांनी सुचलं.)

वापस गाडी गेटबाहेर आली की दलाल तिथं हजर. "साडेसहा हजार, आत्ता रोख." लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ८,११०. पण त्या घडीला माणूस भाव पाहत नाही, हे दलालाला पक्कं ठाऊक. माणसाला ती गाडी फक्त डोळ्यांसमोरून रिकामी व्हायला हवी असते. मी 'घेऊन टाक' म्हणणारच होतो. ड्रायव्हर उपाशी होता म्हणून आधी काकूकडं गेलो, एवढंच.

"पास का वापस?" काकूनं विचारलं.

"वापस."

"कितीवर?"

"साडेचौदा."

"दवातला वेचला असंन. बस, खाय आधी."

संपलं. नशीब नाही, सरकारला शिव्या नाहीत, 'होईल बापा सगळं चांगलं' नाही. समोर आलुबोंड्याची प्लेट आली, वर तर्री, वर बारीक चिरलेला कांदा आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. तर्री अशी, की पहिल्या घासाला ठसका, दुसऱ्याला नाकातून पाणी. तिसऱ्या घासापर्यंत ग्रेडरचं तोंड आठवेनासं झालं होतं. आलुबोंडा मात्र आतून जरा पिठूळ, आलू अर्धवट कुस्करलेला. प्लेट वीस रुपये. दुपारी झुणका-भाकर सत्तरला, सोबत चुलीवर भाजलेल्या मिरचीचा ठेचा. भाकर ज्वारीची, ऐन वेळी थापलेली. भूक असेल तर तेच घ्या.

आमचा ड्रायव्हर खाण्यात मोठा सावकाश. चाळीस मिनिटं लागली. दलाल दोनदा डोकावून गेला. तोवर मी हातातल्या कागदावर हिशोब मांडला. दलालाला आज दिला तर १ लाख १७ हजार. घरी नेऊन वाळवला तर वजन क्विंटलभर घटेल, पण सतरा क्विंटल हमीभावाच्या आसपास गेला तर १ लाख ३५ हजार. गाडीभाडं, हमाली गेली तरी पंधरा हजार वर. आणि काकू म्हणाली ते खरंच होतं. बाया सकाळी साडेसातला शेतात, पऱ्हाटी (कपाशीची झाडं) ओली, कापूस तसाच खोलीत दाबून भरलेला. चूक सापडली की राग निम्मा होतो, असा माझा अनुभव. दोन दिवस अंगणात ताडपत्रीवर पातळ पसरवला, दुपारी उलथापालथ केली. पुढच्या स्लॉटला ९.८ आला, पास झाला.

जानेवारीतली गाडी मात्र कवडी कापसाची निघाली. किडका, पिवळा, उन्हात टाकून सुधारण्यासारखा नाही. वापस होणार हे मला घरूनच दिसत होतं, तरी नेली. काकूनं तेच विचारलं, मी तेच सांगितलं. त्या दिवशी दलाल म्हणाला त्या भावात देऊन टाकला आणि दुसरी भाकर मागितली.

त्याच महिन्यात लहान्यासाठी वरोऱ्याकडं मुलगी पाहायला गेलो होतो. तिसरा नकार. पोरगा शेती करतो, दुसरं काही नाही. परतीच्या वाटेवर तो म्हणाला, "भाऊ, काकूकडं थांबव." बाकावर बसला आणि काकूनं विचारायच्या आत स्वतःच बोलला, "वापस, काकू. मलेही मीटर लावलं त्यायनं." काकू हसली नाही. तिनं दोन प्लेटा लावल्या, तर्री जरा जास्त.

आता तक्रारी. चहा इतका गोड, की ओठ चिकटतात. साखर कमी म्हणून सांगितलं तरी फरक नाही. हंगामात कापसाचे तंतू सगळीकडं, पाण्याच्या ग्लासातही. हात धुवायला एकच टाकी, तिची तोटी गळकी. बायकांसाठी काहीच सोय नाही, आणि रांगेत बायाही असतात, हे काकूनं तरी ध्यानात घ्यायला हवं होतं. मोबाईलनं पैसे दुपारनंतर जात नाहीत, नेटवर्क पडतं, सुटे ठेवा.

पाचपैकी चार. दोनच्या आत जा, नंतर तर्रीचा फक्त तळ उरतो.