साताऱ्यातील एका नोटरीचा अनुभव

सातबाऱ्यावर वडिलांचे नाव एक आणि आधार कार्डावर दुसरे, या नेहमीच्या घोटाळ्यापायी मागच्या महिन्यात साताऱ्यात जिल्हा न्यायालयाजवळच्या एका नोटरीकडे जावे लागले. टाइप केलेल्या प्रतिज्ञापत्रावर वडिलांनी घरीच सही करून ठेवली होती. नोटरी वकिलांनी तो कागद बाजूला सारला, नवी प्रत काढायला लावली, मजकूर सावकाश वाचून दाखवला आणि ‘काका, आता माझ्यासमोर सही करा’ म्हणाले. त्यानंतर ओळखपत्राची तपासणी, रजिस्टरात नोंद, तिथेही सही आणि मग शिक्का. सही करणारा समोर नसतानाही शिक्का मिळतो, हे मी अन्यत्र पाहिलेले असल्याने या पाऊण तासाचे मला कौतुक वाटले. वडील मात्र वैतागले.

घरातील खोलीचा भाडेकरारही नोटरी करून घ्यावा, असा माझा विचार होता. त्याला त्यांनी साफ नकार दिला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, त्यामुळे नोटरीच्या शिक्क्याने भागत नाही, हे सांगून त्यांनी हाती आलेली फी सोडली.

भिंतीवर यशवंतराव चव्हाणांचे छायाचित्र होते. 1941 मध्ये वकिलीची परीक्षा उत्तीर्ण होऊन कराडला वकिली सुरू करणारा हा माणूस 1946 मध्ये विधिमंडळात आणि 1962 च्या नोव्हेंबरात संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला पोहोचला. ‘तुम्हाला नाही का जावेसे वाटले?’ असे मी विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, ‘जाणाऱ्यांचे कागद आमच्याकडे येतात.’ ते खरेच आहे, कारण लोकसभेच्या उमेदवाराला मालमत्ता, कर्जे आणि गुन्हे जाहीर करणारे नमुना 26 मधील प्रतिज्ञापत्र नोटरी, प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी किंवा शपथ आयुक्त यांच्यासमोर करावे लागते.

तक्रारी दोन आहेत. फीचे दरपत्रक कार्यालयाच्या आत आणि बाहेर ठळकपणे लावावे, असे नोटरी नियम सांगतात. इथे ते कुठेच दिसले नाही, आणि पावतीही मागितल्यावरच मिळाली. शिवाय कार्यालय पहिल्या मजल्यावर असून जिना अरुंद आहे, तेव्हा वयस्कर माणसाला सोबत नेणाऱ्यांनी गर्दी होण्यापूर्वी, मूळ कागदपत्रांसह आणि सही न करता जावे.